बिनवासाचं वाण

या सगळ्याला मी जबाबदार आहे, असं आमच्या घरात धरून चालतात. म्हणून आधी माझी बाजू मांडतो. मी तालुक्याच्या कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. माझ्या हातून आजवर एकही कागद गहाळ झालेला नाही. कागद सापडत नाही असं पुष्कळदा झालंय, पण न सापडणं वेगळं आणि गहाळ होणं वेगळं, आणि हा फरक ज्याला कळतो त्यालाच आमच्याकडं बढती मिळते. अशा माणसाच्या ताब्यातून डझनभर बाटल्या जाव्यात, त्याही घरातून, दिवसाढवळ्या आणि त्याच्याच परवानगीनं, हे मला स्वतःलाही अजून नीट पटलेलं नाही.

बाटल्या आमच्या राजनंदिनीच्या. ती संभाजीनगरला पीएच.डी. करते. तिचा विषय मी आता झोपेतसुद्धा सांगू शकतो. तुळस, ओवा, गवती चहा, निलगिरी यांच्या तेलात औषधी गुण असतात. पण ही तेलं म्हणजे एक नंबरची उडाणटप्पू. झाकण काढलं की निम्मी हवेत. अंगाला चोळली तर घरभर वास, आणि वास गेला की औषधही गेलं. म्हणून आमची पोरगी त्या तेलाला इवल्या इवल्या कणांत कोंडते. इवल्या म्हणजे किती, तर एका केसाच्या जाडीत असे शेकडो कण ओळीनं बसतील. हे ऐकून मी सवयीनं डोक्यावरून हात फिरवला. तिथं आता मोजमापाला केससुद्धा फारसे उरलेले नाहीत. तर हे कण कातडीवर बसतात आणि तेल सावकाश सोडतात, पहिल्या तारखेचा पगार महिनाअखेरपर्यंत पुरवून वापरावा तसं.

"म्हणजे वास येतच नाही?" मी विचारलं.

"नाही येत, पप्पा. आला तर समजायचं की कण फुटले आणि तेल पळालं. वास न येणं हेच माझं सगळं काम."

दिवाळीला आली तेव्हा तिनं या बाटल्या आणल्या. इंजेक्शनच्या असतात तशा लहानशा, वर रबर आणि त्यावर पत्र्याचं टोपण दाबून बसवलेलं, अंगावर तेलाच्या नावाची चिठ्ठी. प्रत्येक तेलाच्या तीन, कारण तपासणी तिन्हींची मिळूनच होते, दोनवर भागत नाही. काही बाटल्या विद्यापीठात फ्रिजमध्ये होत्या. पण औषध शेवटी साध्या घरातल्या कपाटातच राहणार, तिथं ते टिकतं का, हे बघायला तिला साधं घर हवं होतं. वडवणीत आमच्यापेक्षा साधं घर कुठलं मिळणार?

"पप्पा, एक लक्षात ठेवा," ती म्हणाली. "आमचे सर फेब्रुवारीअखेर रिटायर होतायत. रथसप्तमीला मी बाटल्या न्यायला येईन. सर जायच्या आत निकाल हातात आला तर ते सही करून जातील. नाहीतर नवे सर, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या कपाटातनं काही हलत नाही म्हणून तुमच्याकडं ठेवते."

हे बोलणं मी कौतुक म्हणून घेतलं. खोकं भिंतीतल्या कपाटात नीट ठेवलं. दोन-चार दिवसांनी आमच्या मंडळींनी, म्हणजे विजयमालानं, विचारलं की यात काय हाय. मी केसाच्या जाडीपासून सुरुवात केली. तिचं दूध गॅसवर होतं.

"थोडक्यात सांगा."

"अत्तर समज," मी म्हणालो.

कचेरीत साहेबाला शंभर पानांची फाईल आम्ही दोन ओळींच्या टिपणीत सांगतो आणि साहेब सही करतो. त्या पद्धतीनं आजवर कुणाचं नुकसान झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मग संक्रांत आली. संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्याकडं हळदीकुंकू होतं. वाण म्हणून विजयमालानं बसवेशच्या दुकानातून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या, दरवर्षी येणाऱ्या बायका धरून, वर दोन-तीन जास्तीच्या. पण यंदा तिनं एक वेगळं केलं. समोरच्या वच्छलाबाईंना स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. वच्छलाबाई ब्लाऊज शिवतात. गल्लीतल्या प्रत्येक बाईचं माप त्यांना तोंडपाठ आहे, पण त्यांचे यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि तेव्हापासून हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"लोक काय म्हणतील?" मी सहज म्हणालो.

"ब्लाऊज त्यांच्या हातचं घालून मिरवायचं आन् कुंकू लावायला त्या नकोत, हे मला न्हाई पटत," विजयमाला म्हणाली. विषय संपला.

वच्छलाबाई येतात का, हे बघायला त्या दिवशी सगळी गल्ली लोटली. ज्यांना नुसतं तोंडदेखलं सांगितलं होतं त्यासुद्धा आल्या. वच्छलाबाईही आल्या, पण सगळ्यांत शेवटी. मी आणि शेजारचे गहिनीनाथ बाहेर कट्ट्यावर. हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषाची जागा कट्ट्यावर असते. गहिनीनाथ एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत, आणि सल्ला तिकिटासारखा फाडून देतात, तुम्ही मागा न मागा. ते मला कमोडचे तोटे सांगत होते. एवढ्यात आतून आवाज आला.

"अहो, गाळण्या संपल्या. ते नंदिनीचं अत्तर देऊ का?"

"दे की," मी म्हणालो.

आतून काहीही विचारलं की 'दे की' किंवा 'घे की' म्हणायचं, ही माझी लग्नापासूनची पद्धत आहे. प्रश्न ऐकलाच पाहिजे असं त्यात काही नसतं. संसार असाच चाललाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. गहिनीनाथ दारात.

"सुंदरराव, राग मानू नका. तुमचं वाण आलंय आमच्या घरात. त्या अत्तराला वास न्हाई."

त्यांच्या हातात ओव्याची बाटली होती. साबण तसाच तोंडावर ठेवून मी हात पुढं केला.

"आणा इकडं."

गहिनीनाथांनी हात मागं घेतला. "वाण परत मागतेत का कुठं? कावून असं अभद्र बोलता सकाळच्या पारी? मी आपलं वास न्हाई एवढंच सांगायला आलतो. दुकानदारानं फसवलंय तुमाला, त्याला धरा."

कपाट उघडलं. खोकं रिकामं. विजयमाला पोळपाट सोडून तिथंच खाली बसली.

"तुमी अत्तर म्हणलात."

"मी 'समज' म्हणालो होतो."

"मग मी समजले," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुपारपर्यंत गल्लीत झालं की सुंदररावांनी मुदत संपलेलं अत्तर स्वस्तात आणून बायकांच्या माथी मारलं. बसवेशनं तर मला दुकानात बोलावून सांगितलं, "मामा, आपल्याकडं चांगल्यातलं होतं की. इचारायचं तरी." माझ्या इतक्या वर्षांच्या सचोटीचं असं झालं. पण ते बाजूला ठेवून मी कामाला लागलो. मला एकच काम नीट येतं, ते म्हणजे मसुदा करणं. मी 'जाहीर आवाहन' लिहिलं आणि सकाळच्या घंटागाडीच्या भोंग्यावरून वाचून दाखवावं म्हणून नगरपंचायतीत अर्ज केला.

तिथल्या टेबलावरचा माणूस माझ्याच जातकुळीचा निघाला.

"वस्तू हरवली का?"

"नाही."

"चोरीला गेली?"

"नाही."

"मग काय झालं?"

"वाटली."

"कुणी?"

"मंडळींनी."

"कुणाला इचारून?"

"मला."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मग तुमची तक्रार तुमच्याच इरुद्ध हाय."

मला त्याचा राग आला नाही, उलट थोडा आदर वाटला. शेवटी पुष्कळ विचार करून त्यानं माझं आवाहन स्वच्छता जनजागृतीच्या सदरात बसवलं. मी त्याचे आभार मानले. तिथंच घात झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी गाणं वाजवत आली. गाणं थांबलं आणि भोंगा बोलू लागला. ओला कचरा हिरव्या डब्यात टाकावा, सुका कचरा निळ्या डब्यात टाकावा, तसेच सुंदरराव यांच्या निवासस्थानातून वितरित झालेल्या औषधी द्रव्याच्या बाटल्या संबंधितांनी तात्काळ जमा कराव्यात. कुठं जमा कराव्यात, हे मी 'वरील पत्त्यावर' असं लिहिलं होतं. पत्ता कागदाच्या वरच्या कोपऱ्यात होता. भोंग्याला कोपरा नसतो.

कोपऱ्यावर नव्यानं राहायला आलेली संगीता शहाणी आणि नियम पाळणारी मुलगी. तिनं आपली बाटली तात्काळ निळ्या डब्यात जमा केली आणि मला वर खिडकीतून सांगितलंही, "काका, दिली हो." तोवर गाडी वळून गेली होती. मी स्लीपरवर मागं पळालो. गाडीचा ड्रायव्हर तानाजी आरशात बघत होता, पण त्याला वाटलं मी कचरा टाकायला पळतोय, आणि उशिरा येणाऱ्यांसाठी थांबायचं नाही असा त्याचा बाणा होता. गाठलं ते थेट कचरा डेपोवर.

"काय हरवलंय, सोनं का?" तानाजीनं विचारलं.

"औषध."

"कशावरचं?"

"अजून ठरायचंय," मी म्हणालो आणि सुक्या कचऱ्यात उतरलो. सुका हा शब्द तिथं लोक फार सैल अर्थानं वापरतात. तुळशीची बाटली मिळाली, टोपणासकट, धडधाकट. मी ती दोन बोटांत धरून वर काढली तेव्हा कुणीतरी फोटो काढला. मी कचेरीत पोचायच्या आधी तो पोचला होता. साहेबांनी मला काही विचारलं नाही, फक्त त्यांच्या टेबलासमोरची खुर्ची थोडी लांब सरकवली.

पण खरं नुकसान फोटोनं नाही, माझ्या मसुद्यातल्या 'औषधी' या शब्दानं केलं. वरिष्ठ लिपिक ज्याच्यासाठी कचऱ्यात उतरतो, ते औषध साधं नसणार, असं गल्लीनं ठरवलं. बिनवासाचं अत्तर म्हणून जे कपाटावर फेकलं होतं ते देवघरात गेलं. संध्याकाळी कट्ट्यावर गहिनीनाथांनी हळूच विचारलं, "गुडघ्यावर चालंल का?"

"नाही. ते अजून औषध झालेलंच नाही. कुणाला लावूनही बघितलेलं नाही. नुसतं टिकतं का तेवढं बघतायत."

"आन् साखरेवर?"

"गहिनीनाथ, ऐका. अंगाला लावू नका. अपाय झाला तर?"

त्यांनी मान हलवली. "म्हंजी जालीम हाय."

त्यानंतर ते रोज संध्याकाळी पक्कड घेऊन टोपण काढायला बसू लागले. मला रोज कचेरीतून आलो की त्यांच्याकडं जाऊन बसावं लागे, कमोडपासून वेलची केळ्यांपर्यंत सगळे सल्ले ऐकावे लागत, आणि नजर पक्कडीवर ठेवावी लागे. एका तेलाच्या तीनच बाटल्या. त्यातली एक उघडली की नंदिनीचा ओवा संपला.

अशात तिचा फोन आला. "पप्पा, बाटल्या नीट आहेत ना? वास वगैरे?"

"अजिबात वास नाही," मी म्हणालो. यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

विजयमालानं माझ्या हातातून फोन घेतला. "मी पोरीशी खोटं बोलणार न्हाई," असं मला म्हणाली आणि तिला सगळं सांगितलं. गाळण्या, हळदीकुंकू, घंटागाडी.

"आई, आता घरात किती आहेत?"

"एक."

"बरं," नंदिनी म्हणाली आणि फोन ठेवला. ती चिडली असती, रडली असती, तर मला सोसलं असतं. त्या 'बरं'नं मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

त्या दिवसापासून विजयमालानं प्रकरण माझ्याकडून काढून घेतलं. अर्ज नाही, आवाहन नाही. दुपारी ती गहिनीनाथांच्या घरी हळदीकुंकवाला गेली. तिथं तिनं एकही बाटली मागितली नाही. बायका बसल्या होत्या, त्यांना फक्त खरं ते सांगितलं. हे औषध न्हाई, कच्चं हाय. पोरीनं तेल कोंडून ठिवलंय आन् ते टिकतंय का त्याची परीक्षा हाय. चूक माझी झाली. तिचे सर जायच्या आत झालं तर झालं, न्हाईतर पोरीची इतकी वर्षं पाण्यात.

एकजण म्हणाली, "आगं, पर वाण परत कसं द्यावं? तुझ्या घरचं तुलाच परत दिलं तर अपमान न्हाई का?"

विजयमालानं मान खाली घातली. तेही खरंच होतं.

निघताना गहिनीनाथांच्या पत्नीनं तिला कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला, आणि वाण म्हणून ताटातून उचलून ती ओव्याची बाटली दिली. बाटलीला हळद आणि कुंकवाचं बोट लावलेलं होतं. "परत न्हाई देत बाई," त्या म्हणाल्या. "हे आमच्या घरचं वाण हाय."

गहिनीनाथ पक्कड हातात घेऊन बाटली शोधत बाहेर आले तेव्हा मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडं बघायला मला फार बरं वाटलं.

मग गल्लीला वाट सापडली. ज्यांची हळदीकुंकवं राहिली होती त्यांनी आधी उरकली. ज्यांची झाली होती त्यांनी पुन्हा केली. संगीताकडं कचऱ्यामुळं परत द्यायला काही नव्हतं, तिनंही केलं, नुसतं सोबत म्हणून. वडवणीत इतकी हळदीकुंकवं एका गल्लीत कधी झाली नसतील. बसवेशकडचे तीळ संपले. आम्ही नवरे रोज संध्याकाळी या कट्ट्यावरून त्या कट्ट्यावर. बाटल्या एकेक करून घरी येत होत्या, प्रत्येकीच्या टोपणावर हळदीकुंकू. मी त्या खोक्यात ठेवायचो, कुलूप लावायचो आणि किल्ली जानव्याला नसली तरी करदोट्याला बांधायचो.

रथसप्तमी आली तेव्हा फक्त ओव्याची एक बाटली बाकी होती. ती वच्छलाबाईंकडं. त्यांच्या खिडकीतून दिसायची, शिलाई मशिनच्या शेजारी, स्वच्छ रुमालावर ठेवलेली. मी म्हणालो, जाऊन समजावून सांगतो.

"तुमी न्हाई," विजयमाला म्हणाली. "मीपन न्हाई. मी गेलते परवा. म्हणाल्या, बाई गं, इतक्या वर्षांत मला एवढंच वाण आलंय. त्याच्यावर मी काय बोलू?"

नंदिनी दुपारी आली. खोकं उघडलं, बाटल्या बघितल्या, हळदीकुंकू बघितलं आणि थोडं हसली. मग वच्छलाबाईंचं ऐकलं. "राहू दे आई," ती म्हणाली. "त्यांच्याकडंच राहू दे. ओवा सोडून बाकीचं दाखवते. सरांनी मानलं तर मानलं." तिचा आवाज ठीक होता, पण खोक्याचं झाकण तिनं दोनदा उलटं लावलं. मला वाईट वाटलं, रागही आला, आणि राग कुणावर धरावा ते कळेना. म्हणून मी कट्ट्यावर जाऊन बसलो. गहिनीनाथ आधीच बसलेले.

समोर वच्छलाबाईंचं दार उघडलं. त्यांनी अंगण झाडलं, सडा टाकला, आणि वाकून रांगोळी काढली. सवय मोडलेली होती, रेघा वाकड्या येत होत्या, त्या पुसून पुन्हा काढत होत्या. मग रस्ता ओलांडून आमच्या दारात आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"विजयमाला, आज माझ्या घरी हळदीकुंकू ठिवलंय. येतीस का?"

"येते की," विजयमाला म्हणाली. "आन् नंदिनीपन येती."

वच्छलाबाई तशाच पुढं निघाल्या. दारोदार जाऊन त्याच शब्दांत बोलावत गेल्या. त्यांना बोलावणं एक होतं, पण त्यांच्या घरी जाऊन कुंकू लावून घेणं हे दुसरं. गल्लीत दारं अर्धवट उघडी होती आणि त्यामागं बायका उभ्या होत्या. गहिनीनाथांनी, त्यांना ओळखतो तेव्हापासून प्रथमच, कुणालाही काही सल्ला दिला नाही. मग त्यांच्याच घरातून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, आणि कुणाकडं न बघता समोर गेल्या. त्यांच्यामागं संगीता. मग बाकीच्या. वच्छलाबाईंच्या घरात जागा पुरली नाही, बायका रांगोळी सांभाळून अंगणात उभ्या राहिल्या.

निकाल पंधरवड्यानं आला, तो इथंच सांगून टाकतो, कारण शेवट मला त्या संध्याकाळीच करायचाय. तेल आत टिकलं होतं. निलगिरीनं थोडा दगा दिला, ओवा सगळ्यात पक्का निघाला. बाटल्या कुठं कुठं फिरल्या ते नंदिनीनं न लपवता लिहिलं होतं. सरांनी प्रत्येक टोपणावरचं हळदीकुंकू बघितलं, ते वाचलं, आणि हे खोडू नका, साधं घर म्हणजे हेच, असं म्हणून सही करून निवृत्त झाले.

तर त्या संध्याकाळी. वच्छलाबाईंनी सगळ्यांना तिळगूळ दिला. वाण एकच होतं, ते नंदिनीच्या हातावर ठेवलं.

"पर पोरी, याला वास न्हाई गं. मी रोज नाकाला लावून बघत होते."

"येऊ नये म्हणूनच केलंय, मावशी."

"मंग बरं. मला वाटलं माझंच नाक गेलं."

बायका हसल्या. नंदिनीनं करंडा उचलला आणि वच्छलाबाईंना कुंकू लावलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. आम्ही दोघं कट्ट्यावरून बघत होतो, आणि गहिनीनाथ चष्मा पुसत होते.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून आवाज आला.

"अहो, पुढच्या संक्रांतीला पहिलं हळदीकुंकू आपल्याऐवजी वच्छलाबाईंकडं ठिवू का?"

"ठेव की," मी म्हणालो. या वेळी प्रश्न ऐकून म्हणालो.